टिटवी गप्प होती

मोहन,

परवा मी तुझी टिटवी पुण्याच्या दोन साहेबांसमोर नापास केली. मुद्दाम केली. ती आपण होऊन नापास झाली असती तर तुझ्या अक्काला सांगता आलं असतं की बाई, यंत्र आहे, उन्हाळा आहे, चालायचंच. पण तिला नापास करणारा माणूस मी आदल्या दिवशी स्वतः जाऊन ठरवून आलो होतो. तेव्हा परवापासून घरात माझ्याशी फक्त भांडी बोलतात. टेबलावर कप आदळला की ओळखायचं, चहा झालाय.

तू असतास तर म्हणाला असतास, "दाजी, बघा, तुम्हाला इशारे कळायला लागले."

तुझं मासिक श्राद्ध झालं तेव्हापासून हे लिहायचं म्हणतोय. तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली तेव्हाही मला दोन शब्द बोला म्हणाले होते. मी उठलो नाही. बरं झालं. प्राचार्य बोलता बोलता म्हणाले, "आपल्या मोहनरावांचं यंत्र कधी चुकलं नाही," आणि मला हसू फुटलं. तोंडावर रुमाल धरला म्हणून लोकांना वाटलं दाजी रडतायत. तुझ्या बायकोनं, वैशालीनं मात्र मागं वळून एकदा बघितलं. तिला कळलं होतं. मला वडाच्या झाडाची सावली आठवली होती.

हे सगळं माझ्या गाडी चालवण्यापासून सुरू झालं, हे तू कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नाहीस. तिथं म्हणे तू देशातल्या रस्त्यांबद्दल मोठं मोठं बोलायचास. खरी गोष्ट मलकापूरच्या अलीकडची आहे. आपण उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो होतो. तू शेजारी, अक्का मागं मांडीवर डबा घेऊन. समोर रस्ता मोकळा दिसला, मी अँबॅसडर उजवीकडं काढली, आणि त्याच वेळी मला मागं टाकायला निघालेला एक ट्रक असा ओरडत आला की मी स्टिअरिंग परत डावीकडं ओढलं आणि अक्काच्या मांडीवरचा डबा तुझ्या मानेवर आला. आमटीसकट. ट्रक आपल्याला चाटून पुढं गेला.

"दाजी, तुम्ही आरशात बघत नाही?"

"मागचा बघतो की."

"कोण मागचा?"

"जो मागनं येतोय तो. ज्याला पुढं जायचंय त्यानं हॉर्न द्यायचा, आपण हात बाहेर काढून साइड द्यायची. पुढचा पुढं बघतो, मागचाही पुढंच बघतो. सगळेच पुढं बघतायत, मग आरसा लागतो कशाला? भांग पाडायला?"

तू मानेवरची आमटी पुसत बसलास. कराड गेलं. मग म्हणालास, "दाजी, हा एक विचार आहे. चुकीचा आहे, पण अख्ख्या रस्त्याचा आहे."

त्यानंतर कुठल्याशा सुट्टीत तू सांगलीहून तो छोटा कॅमेरा घेऊन आलास, आणि माझ्या गाडीच्या उजव्या मडगार्डवरचा आरसा काढून तिथं मागं तोंड करून बसवलास. आरसा गेल्याचं मला काहीच वाटलं नाही, यावरून तू जो निष्कर्ष काढलास तो तू मला न सांगता अक्काला सांगितलास. मागच्या सीटवर कॉम्प्युटर, तो हलू नये म्हणून अक्काच्या जुन्या इरकली लुगड्यानं बांधलेला. डिकीत बॅटरी. तुझ्या पायाशी हातभर टीव्ही, आणि तू टीव्हीवर वाकलेला. ढेबेवाडीच्या फाट्यावर एका म्हातारीनं आत डोकावून विचारलं होतं, "लुगड्यात कोण गुंडाळलंय? आजारी हाय का?" तू म्हणालास, "व्हय आजी, दवाखान्यात न्यायलोय."

टिटवीचं काम तू मला एकदाच समजावलंस आणि मला एकदाच कळलं, याचा तुला फार आनंद झाला होता. गाडी पुढं जाते तेव्हा मागची झाडं, घरं, मैलाचे दगड, सगळं लहान लहान होत मागं जातं. ज्याला आपल्या पुढं जायचंय तोच तेवढा चित्रात मोठा होत येतो. कॉम्प्युटरनं एकामागून एक चित्रं ताडून बघायची, आणि सगळं लहान होत असताना मोठं कोण होतंय एवढं हेरून ओरडायचं. तू तिला लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतंस. मी तिचा आवाज ऐकला आणि म्हटलं, ही टिटवी. अक्का चिडली. गाडीत टिटवी कशाला, तिचं ओरडणं चांगलं नसतं. तू म्हणालास, "अगं, ती वाईट व्हायच्या आधी ओरडते. एवढंच तर पाहिजे आपल्याला."

पहिले कितीतरी रविवार ती नको तिथंच ओरडली. सातारा सोडला की रस्त्याच्या कडेनं सारख्या अंतरावर लावलेली जुनी झाडं, आणि त्यांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्यांनी रस्त्यावर पडलेल्या. तुझा तो कॉम्प्युटर सेकंदाला दोन-चारच चित्रं बघायचा. एका चित्रात एक सावली, पुढच्या चित्रात तिच्या जरा पुढं भलत्याच झाडाची दुसरी सावली. त्याला वाटायचं, तीच सावली पुढं सरकलीय. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरतं ना, तसं, असं तू म्हणालास. मला एवढंच कळायचं की टिटवी ओरडली, म्हणजे कुणीतरी येतंय. मी उजवा हात बाहेर काढायचो, गाडी डावीकडं घ्यायचो, आणि अदबीनं हात हलवून वडाच्या सावलीला पुढं जायला सांगायचो.

"अहो, कुणाला साइड देताय?" अक्का मागनं विचारायची.

"सावलीला," तू सांगायचास. "दाजींचा स्वभावच आहे. मोठ्यांना आधी जाऊ देतात."

घरात कितीतरी दिवस हे चाललं. मी जेवताना कुणाला जागा करून दिली तरी अक्का म्हणायची, "घाला, सावलीला साइड." मी कुठलीही गोष्ट रंगवून सांगतो, माझ्यावरची तर जास्तच, पण ही मला कधी रंगवावी लागली नाही.

पुढं तू कॉम्प्युटर बदललास, सावल्यांना फसणं जवळजवळ थांबलं. उतरत्या उन्हात एका ठराविक वेगाला तेवढी ती अजून फसायची. तू म्हणायचास, "असू दे. खोटं ओरडली तर तुमचा हात दुखेल, बाकी काही नाही." तुला त्याची काळजी नव्हती. तुझी झोप उडाली ती सुभेदारांमुळं.

त्या दिवशी आपण उंब्रजच्या पुढं होतो. समोर पुन्हा उसाची ट्रॉली. टिटवी गप्प. मी तुझ्या शिकवणीप्रमाणं टिटवीचं ऐकून गाडी उजवीकडं काढणार, इतक्यात माझ्या मागच्या दाराशी कुणीतरी बोललं.

"आवं सायेब, कवापास्नं हाका मारतोय. कान फुटलं काय?"

सुभेदारबापू. फौजेतून आलेले, ऊस लावणारे, माझ्या पाटबंधाऱ्याच्या नोकरीपासून ओळखीचे. बुलेट गाडीच्या बरोबरीनं, मागच्या दाराला लागून, आणि स्वतः आरामात. आपल्याकडं हे काही नवं नाही. ओळखीची गाडी दिसली की लोक हळूच शेजारी येतात, वेग तेवढाच ठेवतात आणि पोराचं लग्न काढलंय इथपासून पाटाला पाणी कधी सोडणार इथपर्यंत सगळं बोलून घेतात. बापूंनी पाण्याचं विचारलं, मी सांगितलं, तू "दाजी, सरळ धरा, सरळ धरा" असं पुटपुटत होतास. ते मान हलवून मागं राहिले. जाताना ओरडले, "बराय दाजी." तुझ्या तोंडून ऐकून त्यांनीही मला दाजी केलं, ते आजतागायत.

मी हसत होतो. तू नव्हतास हसत. टीव्हीकडं बोट करून म्हणालास, "दाजी, हे बघा, इथं अख्खे दिसत होते. गॉगल, मिशी, सगळं. आणि हिला दिसलेच नाहीत."

मग तू मला दुसऱ्यांदा समजावलंस. ते इतके हळू सरकत आले की टिटवीला ते येतायत असं वाटलंच नाही. आणि एकदा बरोबरीनं चालायला लागल्यावर ते चित्रात ना मोठे होत होते ना लहान. जो आपल्या वेगानं आपल्या शेजारी चालतो तो चित्रात हलतच नाही, आणि जो हलत नाही तो टिटवीच्या लेखी नाही. तू परदेशातलं पुष्कळ वाचलं होतंस. तिथं मागची गाडी येते आणि निघून जाते. चालत्या गाडीच्या दाराशी येऊन पाण्याची पाळी विचारणारा माणूस त्यात कुठंच नव्हता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. अजून संपलेलं नाही, म्हणून तर हे लिहितोय.

पुण्याची कंपनी तेव्हाच मागं लागली होती. मोटारींचे भाग करणारे लोक, त्यांना टिटवी हवी होती. मी म्हणालो, देऊन टाक. ट्रक दिसतात, यष्ट्या दिसतात, जीपा दिसतात. माझ्यासारखे आरशात न बघणारे हजारो लोक आहेत, त्यांचे प्राण वाचतील. एका सुभेदारासाठी सगळ्यांना थांबवून ठेवणार का?

"दाजी, टिटवी नव्हती तेव्हा गाडी बाहेर काढताना तुम्ही काय करायचा?"

"काही नाही. घाबरायचो."

"आणि आता?"

"आता ती गप्प असली की काढतो."

"तेच म्हणतोय मी. तुमचं घाबरणं मी काढून घेतलं. ती ओरडते तेव्हा तुम्ही निदान एकदा वळून बघता. ती गप्प असते तेव्हा तुम्ही काय बघता?"

मी तुला अडेलतट्टू म्हणालो. तू मला सावलीचा जावई म्हणालास. अक्का म्हणाली, दोघांनी गाडी थांबवून भांडा, मला घरी पोचायचंय. असे किती रविवार गेले. तू बापूंना पाच वेळा शेजारून चालायला लावलंस. ते दर वेळी नवा विषय घेऊन यायचे, पण टिटवी काही बोलायची नाही.

आणि मग तो शेवटचा रविवार. तो मला कुठं ठेवावा कळत नाही.

आपण अतीत गावात टपरीवर थांबलो. तू सोडा मागवलास. त्या महिन्यात तू सारखा सोडा मागवायचास. पित्त झालंय म्हणायचास, आणि मीही टपरीवाल्याला लांबूनच सांगायचो, "पित्तवाले आलेत, एक सोडा." डावा दंड चोळत होतास. टीव्ही धरून हात अवघडला म्हणालास. मग एकदम म्हणालास, "दाजी, देऊन टाकतो त्यांना. तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. राहिलेलं ते बघतील."

"आणि बापूंचं काय?"

"सुटलं असतं. वेळ नाही आता."

मला वाटलं, परीक्षा आल्यात, पेपर काढायचे असतील. मी भांडण जिंकल्याच्या खुशीत तुला आणखी एक सोडा पाजला.

चार दिवसांनी सकाळी वैशालीचा फोन आला. तू बूट घालायला बसलास तो उठलाच नाहीस. दवाखान्यात तुझा डॉक्टर मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "दिवाळीतच सांगितलं होतं त्याला. मुंबईला जा म्हटलं होतं. घरी बोलू नकोस, सुट्टी लागली की जातो म्हणाला." अक्काला हे ठाऊक नव्हतं, वैशालीला ठाऊक नव्हतं, आणि दर रविवारी तुझ्या कोपराला कोपर लावून गाडी चालवणाऱ्या मलाही ठाऊक नव्हतं. तू माझ्या वेगानं माझ्या शेजारी चालला होतास. मी तुझ्यावर रागावलो होतो, मोहन. अजून आहे. तुला दुसऱ्याच्या डोळ्याआड काय राहतं याची एवढी काळजी, आणि स्वतःचं तेवढं तू नीट झाकून ठेवलंस.

तर तू गेल्यावर कंपनीचा निरोप आला. तुझ्या खात्यातले पाटील सर माझ्याकडं आले. टिटवी तुझ्या नावानं निघेल म्हणाले. फक्त साहेब लोक एकदा गाडीत बसून बघणार, आणि गाडी मीच चालवायची, कारण टिटवीची सवय असलेला दुसरा ड्रायव्हर जगात नाही. अक्काचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "त्याचं काहीतरी राहील. अहो, नीट चालवा त्या दिवशी."

आणि मला रात्रंदिवस एकच लागून राहिलं. मोहनचं कुठलं ऐकायचं? देऊन टाकतो म्हणाला तो, की सगळे दिवस नाही म्हणाला तो? शेवटचं बोलणं पाळायचं असतं म्हणतात. पण शेवटचं तू दमून बोललास की पटून बोललास, हे मला कुणी सांगायचं? तू जिवंत असताना मी तुझं एक ऐकलं नाही. आता ऐकायला बसलो तर तू दोन बोलतोस.

मी उंब्रजला बापूंकडं गेलो. ते गोठ्याशी होते. मी म्हटलं, उद्या सकाळी पुण्याचे साहेब गाडीत असतील, तुम्ही नेहमीसारखं शेजारी यायचं.

"मंजी मी यायचं, आन तुमच्या टिटवीनं गप ऱ्हायाचं?"

"हो."

"आन ती गप ऱ्हायली की तुमचं मेव्हणं नापास."

"हो."

बापूंनी हातातली वैरण टाकली. "आवं दाजी, गेल्याल्या मानसाला कोन नापास करतं व्हय? तेबी घरचाच मानूस?"

मी म्हटलं, "बापू, उद्या ही टिटवी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसली, आणि ती गप्प आहे म्हणून त्यानं गाडी काढली, आणि शेजारी तुम्ही असलात तर?"

त्यांनी टाकलेली वैरण उचलून म्हशीपुढं सारली. म्हणाले, "येतो. पर सोंग करायला जमायचं न्हाई मला. खरं बोलायचं आसंल तरच बोलीन."

परवा सकाळी गाडीत पुढं माझ्या शेजारी गोरे नावाचे साहेब, कंपनीतले मोठे. मागं पाटील सर, कॉम्प्युटर आणि साहेबांचा हाताखालचा. टिटवी काय सुरेख वागली म्हणून सांगू. यष्टी आली, ओरडली. दोन ट्रक आले, ओरडली. एक जीप डावीकडं राहून मग उजवीकडं आली, तीसुद्धा धरली. गोरे साहेब "वा, वा" म्हणत होते. मी साइड देत होतो. पाटील सरांचा चेहरा फुलला होता. मला त्या क्षणी वाटलं, बापू न आले तर किती बरं होईल. म्हैस व्यालेली असो, बुलेट बंद पडलेली असो.

उंब्रजच्या पुढं समोर ट्रॉली आली. टिटवी गप्प. गोरे साहेब म्हणाले, "मोकळं आहे वाटतं. काढा की गाडी."

मी काढली नाही. आणि मागच्या दाराशी आवाज आला.

"दाजी, मला काल बोलता आलं न्हाई."

बापू आले होते. पण गॉगल नव्हता, विषयही नव्हता. गाडीच्या वेगानं, दाराला लागून, वाऱ्यात मोठ्यानं बोलत होते. "मेव्हणं लय गुणी हुतं वो. माझ्यासाठी अडून बसल्यालं. मला म्हनलं हुतं, बापू, तुमी दिसल्याबिगर मी सोडायचा न्हाई. मी म्हनलं, एवढा काय मी मोठा लागून गेलो? तर म्हनलं, तुमच्याशिवाय रस्ता पुरा हुत न्हाई." मग एका हातानं डोळे पुसायला लागले. तसेच चालत राहिले शेजारी.

गोरे साहेबांनी दचकून मान वळवली. "हे कधी आले?"

"मघापासून आहेत," मी म्हणालो.

त्यांनी खाली टीव्हीकडं बघितलं. बापू त्यात स्वच्छ दिसत होते, डोळे पुसताना. टिटवी गप्प होती.

मी उजवा हात बाहेर काढून बापूंच्या हँडलवरच्या हाताला लावल्यासारखा केला. पोचला नाही. ते मागं राहिले.

अतीतला परत येऊन थांबलो तेव्हा गोरे साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही ठरवून दाखवलंत?"

"हो."

"मोहनरावांना माहीत होतं?"

"ते यावरच अडले होते."

साहेब चांगला माणूस निघाला. रागावला नाही. पाटील सरांना म्हणाला, "हे सुटलं की कळवा. तोवर आम्ही थांबतो." पण तोवर म्हणजे कधी, हे मला कळतं, पाटील सरांनाही कळतं. ते तुझ्यासारखे नाहीत. हुशार आहेत, पण त्यांना रविवारी घरी जायला आवडतं.

अक्का एवढंच म्हणाली, "एक गोष्ट जगात जाणार होती त्याची. तीही तुम्ही दारातनं परत आणलीत." त्यानंतर भांडी.

काल सकाळी वैशालीला फोन केला. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दाजी, ते तुम्हाला म्हणाले होते ना, देऊन टाकतो म्हणून?"

"हो."

"मला काहीच म्हणाले नव्हते."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. ती रागावली, की तिला बरं वाटलं, की तुझं शेवटचं बोलणं माझ्या वाट्याला आलं याचं तिला दुःख झालं, हे मी ओळखू शकलो नाही. मी चुकलो असेन, मोहन. तुझी बाजू घेऊन तुझ्याविरुद्ध गेलो असेन. तू समोर असतास तर आत्ता म्हणाला असतास, "दाजी, तुम्ही नेहमीच उशिरा पटता," आणि मी पुन्हा भांडलो असतो.

हे इथवर काल लिहिलं होतं. पुढचं आज, सांगलीला तुझ्या घरात बसून लिहितोय.

टिटवी पाटील सरांना द्यायची होती, म्हणून दुपारनंतर निघालो. अक्का न बोलताच गाडीत येऊन बसली. नेहमीसारखी मागं नाही, पुढं, तुझ्या जागी. पायाशी टीव्ही. बटण दाबलं की टिटवी आपोआप सुरू होईल असं तू करून ठेवलं होतंस. मी सवयीनं दाबलं. रस्ताभर ती ओरडायची तेव्हा ओरडली आणि गप्प राहायची तेव्हा गप्प राहिली. ती गप्प असली की मी मान वळवून मागं बघत होतो. मान दुखायला लागली.

ऊन उतरलं होतं. कडेच्या झाडांच्या सावल्या लांब होऊन रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. टिटवी ओरडली. मी आतल्या आरशात बघितलं. मान वळवून बघितलं. मागं रस्ता अख्खा रिकामा.

"कोण आहे?" अक्कानं विचारलं. त्या दिवसापासूनचा तिचा पहिला शब्द.

"कुणी नाही. सावल्या आहेत."

ती वाकून टीव्हीत बघायला लागली. पट्ट्यामागून पट्टा सरकत होता. टिटवी ओरडतच होती. माझा उजवा हात आपोआप बाहेर गेला आणि हलायला लागला. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, घाला, सावलीला साइड.

ती म्हणाली नाही. तिनं पदरानं टीव्हीची काच पुसली. मग हळू आवाजात म्हणाली, "नुसता हात काय दाखवताय? नीट डावीकडं घ्या. जाऊ दे त्याला पुढं."

मी गाडी कडेच्या मातीवर उतरवली आणि वेग कमी केला. वेग उतरला तशी टिटवी थांबली. आम्ही दोघं उजवीकडच्या मोकळ्या रस्त्याकडं बघत, एखादी गाडी पुढं निघून जायला लागतो तेवढा वेळ, तसेच हळूहळू चालत राहिलो.